गोषवारा नव्हे, मूळ पत्रक

दस्त कोणताही असो, त्याची दोन रूपे व्यवहारात वावरत असतात. एक त्याचे मूळ रूप, ज्यात प्रत्येक रकाना आपल्या ठरलेल्या जागी असतो आणि तळाच्या बारीक अक्षरांतल्या टिपेलाही शेवटच्या सही-शिक्क्याइतकेच मोल असते. आणि दुसरे त्याचा गोषवारा, जो कोणीतरी, वाचणाऱ्याच्या किंवा स्वतःच्या सोयीसाठी, निवड करून तयार केलेला असतो. गोषवारा निरुपयोगी असतो असे मुळीच नाही; कामाच्या घाईत तोच उपयोगी पडतो. परंतु मूळ दस्त दप्तरात सुरक्षित आहे आणि मागितला तर मिळतो, या भरवशावरच गोषवाऱ्याची सारी प्रतिष्ठा उभी असते. तो भरवसा गेला की वाचणाऱ्याला काय कळावे आणि काय कळू नये, हे ठरविण्याचा अधिकार निवड करणाऱ्याच्या हाती आपोआप जातो. मोबाइल फोनवर आज आपण जी संकेतस्थळे पाहतो, त्यांच्या बाबतीत हेच घडत चालले आहे. म्हणून साधा फोन हाती असलेला मनुष्य जेव्हा ब्राउझरच्या कोपऱ्यातील तीन ठिपके दाबून ‘डेस्कटॉप साइट’ या शब्दांपुढे बरोबरची खूण करतो, तेव्हा तो हट्टाने किंवा अज्ञानाने वागतो असे समजणे चुकीचे आहे. तो आपला एक रास्त हक्क बजावीत असतो, असे माझे मत आहे.

हा प्रश्न शहरातल्या हौशी लोकांचा आहे, अशी कोणाची समजूत असेल तर त्याने गोंदिया जिल्ह्याकडे पाहावे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत, तिरोड्यापासून देवरीपर्यंत आणि आमगाव-सालेकशापासून अर्जुनी मोरगावपर्यंत, शेती म्हणजे मुख्यत्वे धान. आणि धान पिकविणाऱ्या घरात संगणक म्हणून जे काही असते ते बहुधा एकच, मुलाच्या किंवा सुनेच्या हातातला स्मार्टफोन. टेबलावरचा संगणक पाहायचा तर तहसील कचेरी, बँक, शाळा किंवा आपले सरकार सेवा केंद्र गाठावे लागते. असे असता, खरिपाचे धान आधारभूत किमतीने विकायचे म्हटले की मार्केटिंग फेडरेशनच्या किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रासाठी आधी ऑनलाइन नोंदणी हवी. त्या नोंदणीला सातबारा हवा, आठ-अ हवा, आधार आणि पासबुक हवे. आणि सातबाऱ्यावर यंदाच्या हंगामाचा धानाचा पेरा नोंदलेला आहे की नाही, हे आधीच पाहून घेतलेले बरे, कारण ती नोंद नसेल तर काट्यापर्यंत पोचलेली पोतीही परत न्यावी लागण्याची धास्ती असते. त्याच घरातली मुलगी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरते, मुलगा पोलीस भरतीचा, आणि दाखले तर दोघांनाही लागतात. या सगळ्या कचेऱ्यांची दारे आता साडेपाच-सहा इंचांच्या स्क्रीनवर उघडतात; तेव्हा ती पुरी उघडतात की अर्धवट, हा प्रश्न आवडीनिवडीचा राहिलेला नाही.

प्रत्यक्षात काय होते ते जरा जवळून पाहावे. रोवणी आटोपलेली आहे, बाप पडवीत बसला आहे, मुलगा सातबारा काढतो आहे. विभाग, जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक ही पायरी-पायरीने निवड होते, समोर आलेली वेडीवाकडी अक्षरे ओळखून चौकटीत भरली जातात, आणि पत्रक उघडते. मोबाइलच्या रूपात ते उघडले तर उजवीकडचा भाग स्क्रीनच्या कडेला कापला जातो, किंवा रकाने एकाखाली एक रचले जाऊन कोणता आकडा कोणत्या नावापुढचा, हे कळेनासे होते. बाप म्हणतो, “सोसायटीचा बोजा निघाला का, ते दाखव न.” बोजा असतो उजव्या बाजूच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात. मुलगा तीन ठिपके दाबतो, खूण करतो. पान क्षणभर कोरे होते आणि मग सबंध पत्रक, डावीकडचे क्षेत्र, मधली भोगवटादारांची नावे, खाते क्रमांक, आकार, फेरफार क्रमांक आणि उजवीकडचे कूळ व इतर अधिकार, एकदम नजरेसमोर येते, पण इतके बारीक की देवनागरी १ आणि ९ यांच्यातला फरक केवळ अंदाजाने ओळखावा. मग दोन बोटांनी चिमटीत धरून पान मोठे करायचे, उजवीकडे सरकवायचे, बोजा वाचायचा, पुन्हा लहान करून तो कोणाच्या नावासमोर आहे ते ताडून पाहायचे. हे कष्टाचे आहे यात शंका नाही. परंतु या कष्टांच्या शेवटी बापाला उत्तर मिळते, आणि पहिल्या, दिसायला सुबक असलेल्या रूपात ते मिळत नव्हते.

त्या खुणेने यंत्रात काय घडते, हे समजून घेण्यासारखे आहे. कोणतेही पान मागताना ब्राउझर समोरच्या सर्व्हरला आपली ओळख सांगत असतो. फोनवर तो ‘मी अँड्रॉइड फोनवरचा’ असे सांगतो, आणि खूण केल्यावर ‘मी टेबलावरच्या संगणकावरचा’ असे सांगू लागतो. त्याचबरोबर स्क्रीनची रुंदी, जी बहुतेक फोनांत मांडणीच्या हिशेबाने ३६० ते ४१२ बिंदूंची असते, ती जणू हजाराच्या आसपास आहे असे धरून तो पान मांडतो आणि मग सगळेच आकुंचित करून दाखवितो. ९८० बिंदूंचे पान ३६० बिंदूंत बसविले की सोळा बिंदूंचे अक्षर सहाच्या खाली येते. बारीक अक्षरांचे गूढ एवढेच आहे. थोडक्यात, संपूर्ण पान मिळविण्यासाठी नागरिकाच्या फोनला आपली ओळख बदलून सांगावी लागते. ज्या कचेरीत खरी ओळख सांगणाऱ्याला कमी कागद दाखविले जातात आणि तोतयाला पुरे दाखविले जातात, त्या कचेरीच्या कारभाराबद्दल आपण काय म्हणू?

ही विभागणी सृष्टिनियमाने झालेली नाही. तिला इतिहास आहे, आणि तो वीस-पंचवीस वर्षांहून फार जुना नाही. आरंभीच्या फोनांवर ‘वाप’ नावाचे एक वेगळेच, चार ओळींचे जग होते. ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयफोन लोकांपुढे ठेवला, तेव्हा त्यावर न्यूयॉर्क टाइम्सचे संपूर्ण पान उघडून, बोटाने मोठे करून दाखविले. अख्खे संकेतस्थळ खिशात मावते, हाच त्या दिवशीचा एक मोठा दावा होता. पुढच्याच वर्षी, जुलै २००८ मध्ये, वेबचे निकष ठरविणाऱ्या जागतिक संस्थेने मोबाइलसाठी जी शिफारसपत्रे प्रसृत केली, त्यांच्या मुळाशी ‘जाळे एकच’ हे तत्त्व होते: एकाच पत्त्यावर गेलेल्या वाचकाला, साधन कोणतेही असो, आशयाने तेच मिळाले पाहिजे. मे २०१० मध्ये ईथन मार्कोट या संकल्पकाने एका लेखातून सुचविले की दोन वेगळी संकेतस्थळे बांधण्यापेक्षा एकच पान असे रचावे की ते स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे आपली घडी बदलील आणि मजकूर मात्र तोच ठेवील. मार्ग दिसला होता. परंतु २१ एप्रिल २०१५ पासून गुगलने मोबाइलवरच्या शोधात मोबाइलला अनुकूल पानांना अग्रक्रम देण्यास सुरुवात केली, आणि घाईने अनुकूल होऊ पाहणाऱ्या अनेकांनी घडी बदलण्याच्या नावाखाली मजकुरालाच कात्री लावली. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओच्या आगमनाने आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत डेटा स्वस्त झाला, आणि आमचा नवा वाचक नेमका या कात्री लागलेल्या जगात प्रथम शिरला. पूर्ण पान कसे असते हे त्याने मुळी पाहिलेलेच नव्हते.

कात्री लागते म्हणजे काय होते, त्याचे एक निरुपद्रवी उदाहरण मराठी विकिपीडियाचे. १ मे २००३ पासून चालत आलेल्या या ज्ञानकोशात लेखाच्या तळाशी संबंधित लेखांच्या दुव्यांची जी चौकट असते, ती मोबाइलच्या रूपात दिसत नाही. फोनवर वाचणाऱ्या विद्यार्थ्याला एका लेखावरून शेजारच्या लेखावर जाण्याची ती वाट अस्तित्वात आहे याचा पत्ताही लागत नाही. ज्ञानकोशात एवढ्याने कोणाचे मोठे नुकसान होत नाही. परंतु हाच न्याय जेव्हा शासकीय संकेतस्थळाला लावला जातो आणि ‘शासन निर्णय’, ‘नमुने’, ‘तक्रार निवारण’ किंवा ‘अपील’ अशा शीर्षकांना लहान स्क्रीनवर जागा नाही म्हणून ती दडविली जातात, तेव्हा नुकसानीचे स्वरूप पालटते. योजनेच्या लाभाची ओळ मोठ्या ठळक अक्षरांत राहते आणि अर्ज नामंजूर झाल्यास कोणाकडे दाद मागावी, ही ओळ वगळली जाते. ज्या ओळीची गरज फक्त अडचणीत सापडलेल्यालाच असते, तीच ओळ कात्रीला प्रथम सापडते.

या भागातल्या मनुष्याला अर्धवट उताऱ्याचे मोल नव्याने शिकविण्याची गरज नाही. गोंदिया मध्यप्रांतात होते आणि गावे मालगुजारांची होती, तेव्हा जमिनीचे कागद पटवाऱ्याच्या दप्तरात असत. तलाठ्याला आजही इकडे पटवारीच म्हणतात. खसरा काय म्हणतो, जमाबंदीत काय लिहिले आहे, हे रयतेला कळायचे ते पटवारी जेवढे वाचून दाखवील तेवढेच. गावाच्या सरपणाचे, गुरे चारण्याचे, तलावाच्या पाण्याचे हक्क निस्तारपत्रकात आणि वाजिब-उल-अर्जात नोंदलेले होते. पण नोंद असणे आणि ती नोंद ज्याच्या हक्काची आहे त्याच्या वाचनात येणे, यात फार मोठे अंतर होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि लोक त्यांना अजून मालगुजारी तलावच म्हणत राहिले. परंतु ज्या गावांनी पुढे आपल्या हक्कांसाठी अर्ज केले, त्यांना हेच जुने कागद, संपूर्ण आणि नक्कलेच्या शिक्क्यासह, शोधून काढावे लागले. गोषवाऱ्यावर हक्क शाबीत होत नाही. महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा केंद्राच्याही आधी केला, २०१५ मध्ये लोकसेवा हक्काचा कायदा केला आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन दिला, जो पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. ही सारी वाटचाल मूळ दस्त रयतेच्या हाती देण्याची आहे. त्या वाटेच्या अखेरच्या टप्प्यावर, केवळ हाती धरलेले यंत्र लहान आहे म्हणून, पुन्हा उताऱ्यावर बोळवण व्हावी, हे त्या कायद्यांच्या हेतूशी विसंगत आहे.

आता दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. लहान स्क्रीनवर मोठे पान पाहणे डोळ्यांना त्रासदायक आहे, आणि मोतीबिंदूच्या उंबरठ्यावर असलेल्या वृद्धाला तर ते अशक्यप्राय आहे. संगणकासाठी रचलेल्या पानांवरची बटणे माउसच्या टोकासाठी असतात, अंगठ्यासाठी नसतात. ‘रद्द करा’ आणि ‘सादर करा’ ही दोन बटणे शेजारी-शेजारी असली की तासभर भरलेला अर्ज एका चुकीच्या स्पर्शाने नाहीसा होतो. पूर्ण पान जड असते, आणि देवरी-सालेकशाच्या वनपट्ट्यात जिथे नेटवर्क झाडाच्या उंचीवर शोधावे लागते, तिथे ते उघडेपर्यंत मुदत संपून पुन्हा ओटीपी मागविला जातो. हे सगळे आक्षेप खरे आहेत. शिवाय काही कामे अशी आहेत की ती लहान स्क्रीनसाठीच जन्माला आली. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी घ्या: बांधावर उभे राहायचे, पिकाचा फोटो काढायचा, जागेची नोंद आपोआप व्हायची, हे काम टेबलावरच्या संगणकाने होणारच नाही. नोंद करताना लहान स्क्रीन पुरतो, किंबहुना तोच हवा. नोंद वाचताना, ताडून पाहताना आणि तिच्यावर हरकत घेताना मात्र सबंध पत्रक समोर लागते. करण्याची सोय आणि जाणण्याचा हक्क या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि पहिलीच्या नावाखाली दुसरीचा संकोच होता कामा नये.

हा भेद वाचकाला उपजतच कळतो, याचा पुरावा वृत्तपत्रांच्याच क्षेत्रात मिळतो. बहुतेक मराठी दैनिकांची मोबाइलसाठी सजविलेली संकेतस्थळे आहेत, ॲप आहेत. तरीही छापील पानाचे जसेच्या तसे चित्र असलेला ई-पेपर फोनवर उघडून, बोटांनी मोठा करून वाचणारे वाचक गावोगावी आहेत. त्यांना वेड लागलेले नाही. कोणती बातमी चार रकान्यांची आणि कोणती कोपऱ्यातली, हे पानाच्या मांडणीतूनच कळते. आणि जमीन खरेदीपूर्वी वकिलाने दिलेली जाहीर नोटीस, ग्रामपंचायतीची निविदा, निधनवार्ता, हे सगळे त्या पानावर असते, सजविलेल्या मोबाइल रूपात बहुधा नसते. ज्याच्या सामाईक जमिनीच्या विक्रीची नोटीस पाचव्या पानाच्या तळाशी छापून आली आहे, त्याला ती दिसावी यासाठीच तर ती छापलेली असते.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलायला हवी. मोबाइलचे रूप अपुरे ठेवण्यात प्रत्येक वेळी आळस किंवा अनवधानच असते असे नाही. कधी त्यात हिशेबही असतो. २०१६ साली फेसबुकने फोनच्या ब्राउझरवरून निरोप वाचण्याची सोय काढून घेतली आणि मेसेंजर हे वेगळे ॲप घेण्यास लोकांना भाग पाडले. तेव्हाही पुष्कळांनी हीच डेस्कटॉप साइटची खूण करून आपले निरोप वाचले. ॲप घेतले की संपर्कयादी, ठावठिकाणा आणि सूचना पाठविण्याची परवानगी त्याच्यामागून येतात, म्हणून ब्राउझरची वाट अरुंद करून माणसाला ॲपच्या दाराकडे ढकलणे व्यापाऱ्याला परवडते. व्यापारी तसे करील. त्याचे दुकान सोडून दुसरीकडे जाता येते. शासन मात्र एकच असते. सातबारा दुसऱ्या दुकानात मिळत नाही. त्यामुळे शासकीय सेवेसाठी ॲप हे अधिकचे साधन असावे, एकमेव दार असू नये, आणि ॲपमध्ये जे मिळते ते ब्राउझरमध्येही मिळालेच पाहिजे, हा दंडक आवश्यक आहे.

मग करायचे काय? ‘डेस्कटॉप साइट’ची खूण हा उपाय नव्हे, तो उपायाच्या अभावी शोधलेला मार्ग आहे; ज्या दिवशी ती खूण कोणालाही करावी लागणार नाही, तो दिवस खरा. आणि तो अशक्य कोटीतला नाही. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये प्रथम आली आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. तिने सुगम्यतेच्या ज्या जागतिक निकषांचा आधार घेतला, ते सांगतात की ३२० बिंदूंच्या रुंदीतही मजकूर आणि सोय न गमावता पान वाचता आले पाहिजे, आणि त्याच वेळी ज्या मजकुराचा अर्थच आडव्या-उभ्या मांडणीवर अवलंबून आहे, अशा कोष्टकांना अपवाद ठेवतात. म्हणजे सातबाऱ्यासारखे पत्रक मोडून एकाखाली एक रचू नये, ते आडवे सरकवता यावे आणि मोठे करता यावे, हे त्या निकषांनाही मान्य आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने देशभरच्या जिल्ह्यांसाठी जो समान साचा बनविला, त्यावरचे गोंदिया जिल्ह्याचे संकेतस्थळ फोनवर आपली घडी नीट बदलते. जे जिल्ह्याच्या माहितीपत्राला साधते, ते अर्ज, नोंदणी आणि अभिलेख यांना साधू नये, असे कोणते कारण आहे?

मागणी म्हणून चार गोष्टी मांडतो. संगणकावर जो मजकूर आणि जी सोय आहे ती फोनवर एकही वगळता कामा नये. घडी बदलावी, गाळणी लावू नये. कोष्टकातले डावीकडचे नाव जागेवर राहून उरलेले रकाने त्याच्यासमोर सरकावेत, म्हणजे कोणता बोजा कोणाचा हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. दोन बोटांनी पान मोठे करण्याची सोय अनेक ठिकाणी संकल्पकच बंद करून ठेवतात, ती बंद करण्यास मनाई असावी, आणि पूर्ण पान पाहण्याचा दुवा प्रत्येक पानाच्या तळाशी ठळक असावा. आणि चौथी, सर्वांत स्वस्त: कोणतेही नवे शासकीय संकेतस्थळ लोकार्पित होण्यापूर्वी मंत्रालयातल्या मोठ्या स्क्रीनवरून उतरवून, एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी, आठ-दहा हजारांच्या फोनवर, भर दुपारी उन्हात, एखाद्या धान उत्पादकाकडून अर्ज भरवून पाहावे; त्या अर्ध्या तासात जे कळेल ते सादरीकरणांच्या मालिकेतून कळणार नाही.

तोवर तीन ठिपक्यांमागची ती खूण लोकांना माहीत असलेली बरी, आणि शाळांनी, ग्रामपंचायतींनी, सेवा केंद्रांनी ती सांगावी. नागरिकाने काय वाचावे हे त्याच्या स्क्रीनच्या रुंदीवरून ठरविण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने कोणाला दिलेला नाही; तो संकल्पकांनी परस्पर घेतला आहे, आणि तो परत मागण्यास धानाच्या पुढल्या नोंदणीपर्यंत थांबण्याचेही कारण नाही.